बॅटरी ‘गेली’ म्हणण्याआधी

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या बचत गटांचं काम आम्ही बघतो. आज बोलायचंय ते पाठीवरच्या फवारणी पंपाबद्दल, आणि खरं म्हणजे त्या पंपाच्या पोटातल्या बॅटरीबद्दल.

विषय आत्ताच का काढला? मृग तोंडावर आलाय. होळीच्या आसपास टोमॅटो, वेलभाज्या संपल्या, तेव्हा पंप धुऊन कुणी माळ्यावर टाकला, कुणी गोठ्यात खुंटीला अडकवला. आता तो खाली काढायचा, बटण दाबायचं, आणि पंप गप्प. दुकानात नेला की पहिलं वाक्य ऐकू येतं, “बॅटरी गेली ताई, नवीन टाका.” आपल्या बऱ्याच गटांनी अंतर्गत कर्जातून असे पंप घेतलेत. काही ताई स्वतःचं रान फवारून झालं की पंप भाड्यानं देतात आणि त्या पैशातून हप्ता भरतात. बॅटरी बंद म्हणजे भाडं बंद, हप्ता थकला, आणि बैठकीत वादाला तोंड फुटलं. नवीन बॅटरीला पंपाच्या किमतीतला मोठा वाटा जातो. म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की बॅटरी ‘गेली’ हे कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. क्रमानं तपासायचं. वाचण्यासारखी असेल तर वाचवायची. आणि वाचवू नये अशी असेल तर कितीही हळहळ वाटली तरी घराबाहेर काढायची. हे दोन्ही ओळखता आलं पाहिजे.

कागद-पेन्सिल जवळ घ्या. मध्ये थोडे आकडे येतील, ते लिहून घ्या.

आपली बॅटरी कुठली?

पंपात दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. एक जुनी शिशाची, ॲसिडची. दुसरी लिथियमची. हातात घेतली की फरक कळतो. शिशाची विटेसारखी जड लागते. तेवढ्याच कामाची लिथियमची बॅटरी निम्म्याहूनही हलकी असते. म्हणून तर पाठीवर सोळा लिटर पाणी घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला ती बरी वाटते.

हीच बॅटरी आपल्या मोबाइलमध्ये आहे, टॉर्चमध्ये आहे, नाशिकच्या रस्त्यावरच्या अनेक नव्या ई-रिक्षांत आणि स्कूटरींत आहे. ती आता पाण्यावरही गेली आहे. केरळात वैकमजवळ २०१७ सालापासून ‘आदित्य’ नावाची ७५ माणसांची नाव सूर्याच्या उजेडावर आणि लिथियम बॅटरीवर माणसांची ने-आण करते. समुद्रकाठी पाण्यातल्या खेळांसाठी बॅटरीवर पळणाऱ्या फळ्या आणि छोट्या होड्या निघाल्यात, त्यांच्यातही हीच. त्या खेळाच्या बॅटऱ्या बिघडतात त्याचं मोठं कारण पाणी. आपल्याकडे समुद्र नाही, पण त्र्यंबकचा पाऊस आहे आणि पाठीवर औषधाच्या पाण्याची टाकी आहे. पंपाची बॅटरी त्या टाकीच्या खालीच बसवलेली असते. म्हणजे दुखणं तेच.

लिथियमची ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आली १९९१ मध्ये, जपानमधल्या सोनी कंपनीकडून. जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना त्यामागच्या कामाबद्दल २०१९ चं नोबेल मिळालं. इतक्या वर्षांत ती घराघरांत शिरली, पण ती कशी वागते हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

पोटात काय असतं

बाहेरून एक डबा दिसतो, पण आत एकच बॅटरी नसते. आत टॉर्चच्या सेलसारखे, जरा जाडजूड सेल असतात. सगळ्यात जास्त चालणारा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. असे सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडून जो गठ्ठा होतो, त्याला पॅक म्हणतात.

विहिरीवरून घरापर्यंत बायांची रांग लावून हंडे हातोहात पोचवले, तर काय होतं आठवा. रांगेतली एक बाई दमली की पुढच्या धडधाकट असल्या तरी पाणी थांबतं. पॅकचं असंच आहे. एक सेल दुबळा झाला की बाकीचे चांगले असूनही पंप बंद पडतो. म्हणून ‘पॅक बंद’ आणि ‘सगळे सेल खराब’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या सेलांच्या डोक्यावर एक छोटी हिरवी किंवा निळी पट्टी असते, तिला बीएमएस म्हणतात. ती राखणदार. सेल जास्त भरू लागले की चार्जिंग तोडते, फार रिकामे झाले की पुरवठा तोडते, वायरी एकमेकींना चिकटल्या तरी तोडते. पंप अचानक मुका होतो तेव्हा पुष्कळदा राखणदारानं दार लावून घेतलेलं असतं. आत दाणे असतात.

आता आकडे. लेबलवर ११.१ व्होल्ट लिहिलं असेल तर आत तीन सेलांची ओळ आहे. एक सेल ३.७ व्होल्टचा, तीन मिळून ११.१. पूर्ण भरल्यावर एक सेल ४.२, म्हणजे पॅक १२.६. लेबलवर १२.८ लिहिलं असेल तर तो लिथियमचाच दुसरा प्रकार, लोह-फॉस्फेटचा. त्यात ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीनं असतात आणि त्याचा चार्जर १४.६ व्होल्टचा असतो. हा प्रकार तापायला जरा शांत. पण दोघांचे चार्जर वेगळे आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिसराच. शेजारणीच्या चार्जरची पिन बसते म्हणून तो लावू नका. पिन सारखी असली तरी व्होल्ट सारखे असतीलच असं नाही. चार्जरच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, तो बॅटरीच्या लेबलशी जुळवून बघा.

पहिलं काम : हात लावण्याआधी बघणं

आधी पंप साबणाच्या पाण्यानं बाहेरून पुसून घ्या, हातात मोजे घाला. त्यावर गेल्या हंगामातलं औषध बसलेलं असतं. मग बॅटरीचं झाकण उघडून नुसतं बघा.

फुगली आहे का? डब्याला फुगवटा आला आहे का, झाकण बसत नाही असं झालंय का? गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतो का? कुठे चिकट पाझर, जळाल्याचा काळा डाग आहे का? काहीही न करता गरम लागते का? आत पाणी गेल्याची खूण, म्हणजे गंज किंवा हिरवा-पांढरा थर थेट पॅकवर आहे का?

यातलं एक जरी दिसलं तर तिथंच थांबायचं. चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. घरापासून, पेंढ्यापासून, जनावरांपासून दूर, उघड्यावर पण पाऊस लागणार नाही अशा जागी, मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवायची. पुढं तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

दुसरं काम : बॅटरीला दोष देण्याआधी बाकीच्यांना तपासा

बॅटरी वरून ठीक दिसली, तरी लगेच तिच्यावर खापर फोडू नका. आधी घरातला प्लग बघा. त्यात मोबाइलचा चार्जर लावून मोबाइल चार्ज होतो का ते पाहा. मग पंपाचा चार्जर. त्यावरचा दिवा लागतो का? वायर पिनेजवळ पिचकली आहे का? आपल्या वाड्या-पाड्यांवर वीज कमी-जास्त होते, त्यात चार्जर आधी मरतो, आणि नाव बॅटरीचं होतं.

मग बॅटरी पंपातून सोडवून वायरींची टोकं बघा. औषधाचं पाणी आणि दमट हवा यांनी पितळी टोकांवर हिरवा किंवा पांढरा थर चढतो आणि वीज पुढं जात नाही. बॅटरी बाजूला काढून ठेवल्यावरच ती टोकं कोरड्या खरखरीत फडक्यानं घासून चकचकीत करा. फ्यूज असेल तर तो बघा. बटण बघा.

त्यानंतर मोटर. गटातल्या दुसऱ्या ताईकडे अगदी त्याच जातीचा आणि तेवढ्याच व्होल्टचा चालता पंप असेल, तर तिची बॅटरी तुमच्या पंपाला लावून बघा. मोटर फिरली तर मोटर बरी आहे. नाही फिरली तर बिघाड मोटरीत किंवा बटणात, आणि तुमची बॅटरी बिचारी निर्दोष.

आमच्या एका गटात असंच झालं. दुकानदारानं बॅटरी बदलायला सांगितली होती. बैठकीत पंप मागवला, टोकं घासली, आणि पंप सुरू झाला. खर्च झाला एका फडक्याचा. दरवेळी असं होणार नाही, पण आधी फुकटचं काम करून बघायला काय हरकत?

तिसरं काम : मीटर लावणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता बॅटरीची पाळी. त्यासाठी मल्टिमीटर लागतो. वायरमनकडे असतो तोच, साधा मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतो. एका गटात एक पुरतो.

काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात. तिसरं भोक ‘१० ए’ लिहिलेलं असतं, त्यात लाल वायर घालून बॅटरीला कधी लावू नका. ठिणगी उडते, बोट भाजतं. चकती फिरवून, व्ही अक्षरावर एक सरळ आणि एक तुटक रेघ असते त्या भागातल्या २० या आकड्यावर आणा. लाल टोक बॅटरीच्या अधिक खुणेला, काळं वजा खुणेला. दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. हातातल्या बांगड्या, पाटल्या, गळ्यातलं लोंबतं मंगळसूत्र बाजूला घ्या. धातू दोन टोकांना एकदम टेकला तर क्षणात लाल होतो.

११.१ च्या पॅकवर १२.६ च्या आसपास दिसलं तर भरलेली. ११ च्या जवळ म्हणजे अर्ध्याच्या आसपास. ९ च्या खाली म्हणजे तळ गाठला. १२.८ च्या पॅकचा आकडा बराच वेळ १३ च्या आसपासच राहतो, १२ च्या खाली गेला की संपत आली समजा.

आकडा चांगला आहे पण पंप दोन मिनिटांत बंद पडतो? मग पंप चालू असताना आकडा बघा. १२ वरून झपकन ८-९ वर कोसळला तर आतला एखादा सेल दमलाय. रांगेतली ती बाई सापडली.

आकडा शून्य आला तर घाबरू नका. राखणदारानं दार लावलेलं असू शकतं. तिचा योग्य तो चार्जर लावा आणि जवळ बसून राहा. दर पाच मिनिटांनी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन गरम होते का बघा. कित्येकदा काही मिनिटांत राखणदार जागा होतो आणि आकडा वर चढू लागतो. गरम झाली, फुगली, वास आला की लगेच प्लगचं बटण बंद. अर्ध्या तासात काहीच हालचाल नाही, तर आपलं काम इथं संपलं. पुढं कारागीर.

मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, की बंद बॅटरीला दुसऱ्या बॅटरीच्या वायरीनं झटका देऊन जागी करा. ते करू नका. राखणदारानं दार कशासाठी लावलं हे न बघता दार फोडण्यासारखं आहे ते.

चौथं काम : कारागिराकडे, पण डोळे उघडे ठेवून

पॅक फोडणं हे घरी, चाकूनं, पोरासोरांच्या हातून करायचं काम नाही. सेलावरचं प्लास्टिकचं पातळ कातडं फाटलं की आग लागायला वेळ लागत नाही. जो लिथियमचे पॅक नेहमी दुरुस्त करतो त्याच्याकडेच न्या. पण समोर उभं राहा आणि प्रत्येक सेलाचा आकडा दाखवायला सांगा. तीन सेलांच्या पॅकचे तीन आकडे असतील. त्यावरून काय समजायचं?

समजा ३.७, ३.७, ३.७ आले, आणि बाहेर मात्र शून्य. म्हणजे सेल चांगले, राखणदाराची पट्टी किंवा एखादी वायर गेली. नुसती पट्टी बदलली की पॅक वाचला. नव्या बॅटरीपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं.

समजा ३.९, ३.९ आणि २.४ आले. एक सेल मागं पडलाय. कारागीर तो एकटा हळूहळू भरून बघेल आणि काही दिवस ठेवून पुन्हा मोजेल. टिकला तर ठीक. आपोआप उतरला तर तो आतून गळका आहे, तो काढावाच लागेल. त्याच्या जागी नवाकोरा सेल घातला की झालं, असंही नाही. जुन्यांच्या रांगेत नवा घातला की दोघांची चाल जुळत नाही. त्याच जातीचा, तेवढीच ताकद उरलेला सेल मोजून घालावा लागतो. ते जमत नसेल तर सगळे सेल एकदम बदलायचे आणि डबा, वायरी, पट्टी जुनीच वापरायची. तेही नव्या पॅकपेक्षा परवडू शकतं, भाव विचारा.

आणि समजा १.२, ०.९, ०.७ असे आकडे आले. बॅटरी रिकामी करून महिनोन्महिने माळ्यावर टाकली की असं होतं. सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. नंतर चार्ज केला की ते तांबं नको तिथं जमतं आणि सेलाच्या आतच दोन टोकं जुळवून टाकतं. असा सेल एखाद्या वेळी भरतोही, पंप चालतोही, आणि मग चार दिवसांनी रात्री चार्जिंगला असताना पेट घेतो. म्हणून कुणी म्हटलं “बघा, जिवंत केली,” तरी ती घरात आणायची नाही.

कारागिराला आणखी तीन गोष्टी विचारा. सेल डाग देऊन जोडणार की यंत्रानं टाके मारून? थेट सेलावर गरम डाग दिला तर आतली पातळ चादर भाजते, म्हणून पट्टी यंत्रानंच जोडायला हवी. काढलेले जुने सेल दाखवणार का? आणि पावतीवर तारीख, काय बदललं आणि किती दिवसांची हमी, हे लिहून देणार का? पावती गटाच्या नावानं घ्या आणि फाइलला लावा.

चांगले निघालेले सुटे सेल वाया जात नाहीत. एका सेलावर चालणाऱ्या दिव्यात किंवा टॉर्चमध्ये, तिच्या स्वतःच्या राखणदार पट्टीसह, ते कारागिराकडून बसवून घेता येतात. पण आठवडा-दोन आठवडे ठेवूनही ज्याचा आकडा उतरला नाही, तोच सेल.

भिजलेल्या बॅटरीचं काय?

आपल्याकडे आषाढ-श्रावणात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. ओढा ओलांडताना पंप पाण्यात पडतो, टाकी गळून बॅटरीच्या कप्प्यात पाणी उतरतं. मोबाइल भिजला की तांदळाच्या डब्यात घालतात, तसं बॅटरीचं करू नका. तांदूळ सेलांच्या मधलं पाणी ओढत नाही, आणि नंतर तोच तांदूळ आपण खातो. चुलीच्या कडेला, तव्यावर, पत्र्यावरच्या उन्हातही सुकवू नका. उष्णता हा तिचा दुसरा वैरी.

पाणी वाळलं तरी मागं क्षार राहतात. समुद्राच्या पाण्यात ते फार, आपल्या औषधाच्या पाण्यातही असतात. ते राखणदाराच्या पट्टीवर बसून हळूहळू ती कुरतडतात. म्हणून भिजलेली बॅटरी आज चालते आणि आठ दिवसांनी दगा देते. भिजली की लगेच पंपातून सोडवा, वरून पुसा, चार्ज करू नका. उघड्या, सावलीच्या जागी घरापासून दूर ठेवा आणि कारागिराला “भिजली होती” हे सांगूनच द्या. ते लपवलं तर त्याच्याही जिवावर बेतेल.

आगीचं खरं भय

हे सगळं इतकं बजावून का सांगतोय? आपल्या पाड्यांवर अजून कारवीच्या कुडाच्या भिंती आहेत. माळ्यावर पेंढा, बाजूला नागलीची कणगी, आणि चार्जिंगचं बटण बहुधा झोपायच्या जागेजवळ. बिघडलेला सेल एकदा आतून तापायला लागला की स्वतःच स्वतःला तापवत जातो, शेजारच्या सेलाला पेटवतो. फुत्कारल्यासारखा आवाज येतो, पांढरा धूर निघतो, मग जाळ. तो धूर विषारी असतो.

म्हणून चार्जिंग दिवसा, घरात जागं माणूस असताना. शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर, आजूबाजूला कापड-पेंढा नको. शेतातून तापलेली बॅटरी आणली तर तासभर थंड होऊ द्या, मगच लावा. भरली की काढा.

तरीही धूर निघाला तर आधी पोरं आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा. जमल्यास मेन स्विच बंद करा. बॅटरी हातात उचलून पळू नका. वीज बंद झाली असेल तर लांबून भरपूर पाणी मारा. या बॅटरीवर पाणी चालतं, कारण तिला थंड करणं महत्त्वाचं असतं. वाळूनं जाळ दबतो, पण आतली आच तशीच राहते. आग मोठी असेल तर बाहेर थांबा आणि ११२ किंवा १०१ ला फोन लावा. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती नंतरही उघड्यावरच ठेवा. घर सावरता येईल, माणूस नाही.

जी वाचत नाही तिचं काय करायचं

आमच्या एका गटात एका ताईंच्या पंपाची बॅटरी फुगलेली निघाली. त्यांचा पुतण्या म्हणाला, सेल काढून गोठ्यात दिवा करतो. ताईंनी नाही म्हटलं, आणि गटानं त्यांच्या बाजूनं उभं राहायचं ठरवलं. हप्त्याला दोन महिन्यांची सवलत दिली, कारण ताई पैशापायी धोका पत्करतील ही भीती खरी होती. बाकीच्या गटांनीही हे ध्यानात घ्यावं. अडलेल्या बाईला थोडी उसंत दिली, तर ती धोक्याची वस्तू टाकायला तयार होते.

पण टाकायची कुठं? चुलीत नाही, होळीत नाही, उकिरड्यावर नाही, ओहोळात तर मुळीच नाही. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. आपल्या कित्येक पाड्यांवरून जे वाहतं ते गंगापूर धरणाकडे जातं आणि ते पाणी पुढं नाशिक पितं. वजन करून वाटेल तो माल घेणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नका. तो ती हातोड्यानं फोडतो.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम लागू केले. आधीचे २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्यांत लिथियमही आली. बॅटरी बनवणाऱ्या किंवा बाहेरून आणणाऱ्या कंपनीवर वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून योग्य कारखान्यात पोचवायची जबाबदारी आहे. वापरणाऱ्यानंही ती घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची आहे. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच. तेव्हा पंप जिथून घेतला त्या दुकानात जाऊन विचारायचा आपल्याला हक्क आहे, “जुनी बॅटरी परत कुठं घेता?” एकटीनं विचारलं तर टाळतील. ग्रामसंघातर्फे दहा गटांच्या जुन्या बॅटऱ्यांची यादी करून विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. नेताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या कागदात गुंडाळा.

हे काम बायांचं आहे का?

असं कुणी विचारेल. आयआयटी मुंबईनं २०१४ मध्ये मुलांच्या अभ्यासासाठी सौर दिव्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा या राज्यांतल्या खेड्यांमधल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बाया तर त्यातून पुढं सौर पॅनलच्या कारखान्यापर्यंत पोचल्या. त्याही आपल्यासारख्याच गटातल्या. मीटर धरायला मिशा लागत नाहीत.

तर या महिन्याच्या बैठकीत चार गोष्टी करा. गटाच्या पैशातून एक मीटर घ्या आणि दोघी जणी तो वापरायला शिका. वायरमनभाऊंना अर्धा तास बोलवा. प्रत्येक पंपाची वहीत नोंद करा : बॅटरीचा प्रकार, लेबलवरचे व्होल्ट, चार्जरचा आकडा, घेतल्याची तारीख. गटातल्या शिकलेल्या मुलींपैकी कुणाला दुरुस्तीचं काम शिकायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत आणि आयटीआयमध्ये चौकशी करा. तालुक्यात अशी एक मुलगी तयार झाली तर किती पंप वाचतील बघा.

आणि चौथी, सगळ्यात सोपी. हंगाम संपल्यावर बॅटरी रिकामी करून टाकू नका आणि गच्च भरूनही ठेवू नका. अर्धी भरा, पंपातून सोडवून काढा, कोरड्या थंड फळीवर ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. दर दोन महिन्यांनी मीटर लावा, उतरली असेल तर पुन्हा अर्धी करा. अमावास्येला घर झाडतो तेव्हा एक आड एक महिन्यानं हेही केलं तर विसरायला होणार नाही. बॅटऱ्या वापरानं मरतात, तशा पडून पडूनही मरतात.

पेरणी, आवणी सुरू होण्याआधी हे करून घ्या. पंप काढा, झाकण उघडा, आधी बघा, मग मोजा. काही अडलं तर पुढच्या बैठकीला पंप घेऊन या. फक्त फुगलेली बॅटरी एसटीत किंवा वडापच्या जीपमध्ये घालून आणू नका, तिच्यासाठी निरोप पाठवा, आम्ही येतो.

पाऊसपाणी चांगलं होवो. नमस्कार.